नवे स्पीकर, जुनी खरखर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चांगले स्पीकर आणि हेडफोन घेतल्यावर काही जुनी ध्वनिमुद्रणं उजळून निघाली, कधी कानावर न पडलेली वाद्यं ऐकू यायला लागली, पण काही आवडती गाणी उलट बिघडली. खरखर वाढली, आवाज पातळ आणि टोचरा झाला. एका गाण्यात तर अधूनमधून ‘खट्ट’ असा आवाज येतो, जो जुन्या यंत्रावर जाणवला नव्हता. यंत्रात दोष आहे का, आणि अजून वरच्या दर्जाचं काही घेतलं तर सुधारेल का?

यंत्र ठणठणीत आहे. आणि वरच्या दर्जाचं घेऊन हे सुधारणार नाही, बहुतेक वाढेलच. जुन्या तबकड्या आणि टेपा डिजिटल करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: जुन्या मुद्रणात फरक पाडायचा असेल तर पैसा आणि डोकं दोन्ही आवाज जिथून उचलला जातो त्या टोकाला लावावं. सुई, फिरण्याचा वेग, टेपचं हेड, आणि या सगळ्यातून कुणीतरी केलेली डिजिटल प्रत. स्पीकर हा शेवटचा माणूस. त्याच्या हातात जे आलं तेच तो पुढे देतो.

आधी तुमच्या जुन्या यंत्राची बाजू घेतो. छोट्या रेडिओचा स्पीकर २०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला २०० कंपनांच्या; आकडा लहान तितका सूर खालचा) खाली फारसं काही देत नाही, आणि पाच-सहा हजारांच्या वर गेलं की दमतो. जुन्या रेकॉर्डवरचं गाणं साधारण याच पट्ट्यात बसलेलं असतं. कचरा मात्र पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सांडलेला असतो: खाली मोटरची घरघर आणि विजेची गुणगुण, वर सुईची सरसर. म्हणजे तो रेडिओ नकळत चाळणीचं काम करत होता. नवे स्पीकर २० हजार हर्ट्झपर्यंत इमानेइतबारे वाजवतात, त्यात कचराही आला.

शिवाय अनेक गाण्यांचं मिक्सिंग, म्हणजे गायक आणि वाद्यांच्या आवाजांची जुळवणी, करतानाच ते छोट्या स्पीकरवर कसं वाटतं हे तपासलेलं असे. स्टुडिओत मोठे स्पीकर असायचे, पण शेजारी एक लहानसा डबा हटकून ठेवलेला असायचा; ऐकणारा शेवटी तसल्याच डब्यावर ऐकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या डब्यावर आवाज गर्दीतून वर यावा म्हणून दोन-तीन हजार हर्ट्झचा भाग थोडा चढवला जाई. रेडिओवर ते बरोबर बसायचं. तुमच्या नव्या स्पीकरवर तोच भाग कानात घुसतो. तुम्ही ज्याला टोचरेपणा म्हणताय तो बऱ्याचदा हा असतो.

तरीही काही मुद्रणं उजळली, ती का? पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर १०० हर्ट्झच्या आगेमागे असतो. छोटा स्पीकर तो देतच नाही. तरी तो आवाज आपल्याला पुरुषाचाच वाटतो, कारण त्या सुराचे वरचे उपस्वर, म्हणजे दुप्पट-तिप्पट कंपनांचे सूर, ऐकून मेंदू गळालेला तळ आपला आपण भरून काढतो. फोनवर आपण आयुष्यभर हेच करत आलोय. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच. चांगल्या स्पीकरवर तो तळ पहिल्यांदा प्रत्यक्ष येतो आणि आवाजाला छाती मिळते. डग्ग्याचा घुमारा, तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा भरीवपणा इथेच राहतो. पण मुद्रणात तो तळ असेल तरच. नसेल तर कुठलाही स्पीकर तो आणू शकत नाही, आणि तो आहे की नाही हे बहुतांशी सालावर ठरतं.

१९२५ च्या आधीची मुद्रणं मायक्रोफोनशिवाय झाली. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा, कर्ण्याच्या टोकाला एक पातळ पडदा, पडद्याला कोरणारी सुई, आणि सुईखाली फिरणारं मेण. मधे वीज नाहीच. जे काही बळ लागायचं ते गायकाच्या फुप्फुसातलं. या पद्धतीत ढोबळमानाने २०० ते २,००० हर्ट्झ एवढंच नीट उमटायचं. ‘स’ आणि ‘श’ यांचा जोर बहुतेक दोन-अडीच हजारांच्या वरच असतो, त्यामुळे त्या रेकॉर्डवर ही व्यंजनं जवळजवळ नाहीतच; ‘स’ ऐवजी कधी ‘फ’ वाटतो, कधी नुसती फुंकर. तुमच्या ट्वीटरला, म्हणजे वरचे सूर देणाऱ्या छोट्या स्पीकरला, या रेकॉर्डमध्ये गाण्यातलं काहीच काम नाही. तो फक्त खरखर वाजवतोय. अशा मुद्रणासाठी चार हजारांच्या वरचा भाग सरळ खाली आणा. त्यात गाणं गमावण्यासारखं काही नाही.

पण त्या अरुंद पट्ट्यात चांगलं यंत्र काय काय दाखवतं, ते मला अजूनही नवल वाटतं. गायक वरच्या सुरावर जाताना कर्ण्यापासून मागे सरकत असे, कधी त्याला मागे ओढायला माणूसच उभा असे, नाहीतर मेणावरची सुई उसळायची. साध्या यंत्रावर नुसता आवाज कमी-जास्त होतो. चांगल्या हेडफोनवर माणूस मागे गेलेला कळतो. व्हायोलिन नाकात बोलल्यासारखं वाटतं, तेही तुमच्या हेडफोनमुळे नव्हे: साधं व्हायोलिन कर्ण्याला पुरायचं नाही, म्हणून लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा लावलेलं खास व्हायोलिन वापरत. डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या जागी ट्यूबा हे फुंकून वाजवायचं वाद्य बसवत. चांगल्या यंत्रावर हे पटकन ओळखू येतं.

कर्ण्याचा स्वतःचाही एक नाद असतो. तो प्रत्येक सुरावर बसतो, म्हणून त्या काळचे सगळे गायक एकाच नळीतून गाताहेत असं वाटतं. १९७० च्या दशकात टॉमस स्टॉकहॅम या अभियंत्याने संगणकाने हा नाद वेगळा काढण्याचा प्रयत्न केला. एन्रिको करुझो या इटालियन गायकाच्या जुन्या रेकॉर्ड त्याने अशा धुऊन काढल्या आणि १९७६ मध्ये त्यांची एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड) निघाली. मला हे काम आवडतं, कारण त्यात काही नवं चिकटवलं नव्हतं. उलट करुझोच्याच रेकॉर्डवर १९३२ मध्ये नव्याने वाजवलेला वाद्यवृंद चढवण्यात आला होता. गायक जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. छोट्या ग्रामोफोनवर ते खपून गेलं असेल. आजच्या स्पीकरवर दोन वेगळ्या खोल्या स्पष्ट ऐकू येतात, आणि मला तरी ते सहन होत नाही.

१९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि पट्टा दोन्ही बाजूंना रुंदावला. सुरुवातीला वर पाच हजारांच्या आसपास, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत चांगल्या मुद्रणात दहा हजारांच्याही पुढे. १९४८ मध्ये एलपी, आणि साधारण त्याच सुमारास स्टुडिओंत टेप. तुमची जी गाणी ‘उजळली’ ती बहुधा या टप्प्यातली किंवा नंतरची असणार. त्यांच्यात लपलेलं पुष्कळ होतं.

आता खरं दुखणं कुठे असतं ते. मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची रेकॉर्ड घ्या. तिची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची, म्हणजे टोकाची त्रिज्या ०.००३ इंच असलेली सुई लागते. एलपीची सुई १ मिलची. एलपीची सुई ७८ च्या रेकॉर्डवर ठेवली की ती खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, तळाशी जाऊन बसते, आणि तळाशी असते शंभर वर्षांची माती. अशा पद्धतीने केलेल्या डिजिटल प्रती ढिगाने फिरताहेत. वर खरखर कमी करायचा फिल्टर मारायचा, की झालं काम! तुम्ही त्यासाठी जगातले उत्तम स्पीकर आणा, तुम्हाला मातीच जास्त स्पष्ट ऐकू येईल.

तीच रेकॉर्ड थोड्या वेगळ्या मापाच्या सुईने वाजवली तर काय होतं ते एकदा प्रत्यक्ष ऐकायला हवं. जुन्या ग्रामोफोनचं डोकं शंभर ग्रॅम किंवा त्याहून जड असे आणि पोलादी सुई दरवेळी भिंतीच्या एकाच उंचीवर घासायची. तेवढीच पट्टी झिजलेली असते. आपण सुई किंचित जाड किंवा बारीक घेतली की ती त्या पट्टीच्या वर किंवा खाली, कोऱ्या भिंतीवर टेकते. माझ्याकडे यासाठी पाच-सहा मापांच्या सुया आहेत आणि प्रत्येक रेकॉर्डला त्या आलटून पालटून लावून बघाव्या लागतात. कधीकधी एका सुईवर फाटलेला आवाज दुसरीवर गुळगुळीत येतो. स्पीकर बदलून इतका फरक मी कधी ऐकलेला नाही. (रेकॉर्ड आधी धुवायची, पण लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावायचं नाही. लाख त्यात विरघळते.)

मग मोनोचं बटण. बहुतेक जुन्या मोनो (डाव्या-उजव्या कानाला एकच आवाज देणाऱ्या) रेकॉर्डमध्ये गाणं सुईच्या फक्त डाव्या-उजव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, वर-खाली हालचालही वाचतं, आणि मोनो रेकॉर्डवर वर-खाली फक्त धूळ, खड्डे आणि घरघर असते. दोन्ही चॅनल एकत्र केले की वर-खालीचा भाग एकमेकांना खोडून टाकतो. काहीही खर्च नाही, आणि खरखर लगेच मागे हटते. तुमच्याकडची डिजिटल प्रत जुन्या मोनो गाण्याची असेल आणि हेडफोनमध्ये खरखर डोक्याभोवती पसरलेली पण आवाज मधोमध असा वाटत असेल, तर प्रत करणाऱ्याने हे बटण दाबलं नव्हतं. तुम्ही अजूनही दाबू शकता. बहुतेक फोनमध्येही मोनो करण्याची सोय असते. मी तर मोनो रेकॉर्ड एकाच स्पीकरवर ऐकतो. दोन स्पीकरच्या मधे तयार होणारा तो अधांतरी गायक मला कधी फारसा पटला नाही.

आवाज पातळ का, याचंही एक कारण याच टोकाला आहे. रेकॉर्ड कोरताना बास, म्हणजे खालचे सूर, मुद्दाम कमी करतात, कारण मोठ्या लहरी शेजारच्या खाचेत घुसतात. आणि ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, चढवतात, म्हणजे वाजवताना तो उतरवला की खरखरही उतरते. वाजवताना नेमकं उलटं करायचं. एलपीसाठी हे प्रमाण १९५४ च्या सुमारास सगळीकडे एक झालं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. त्याआधी प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. बाजारातला साधा फोनो प्रीअँप (सुईकडून आलेला क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) आरआयएए धरूनच चालतो. १९३० च्या रेकॉर्डला तो लावला की मुळात न चढवलेला ट्रेबलही तो उतरवतो आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी तो अंदाजाने परत चढवतो, जरा जास्तच चढवतो, आणि तुमच्यापर्यंत पातळ, टोचरं गाणं पोचतं.

वेगाचं तर विचारूच नका. ‘७८’ हा आकडा उशिरा स्थिरावला. सुरुवातीच्या काळात ७० पासून ८० च्या वरपर्यंत कुठल्याही वेगाने रेकॉर्ड कोरल्या गेल्या. ७४ फेऱ्यांनी कोरलेली रेकॉर्ड ७८ ने वाजवली तर गाणं जवळजवळ अर्धा सूर चढतं, लय वाढते, आणि गायकाचा आवाज कोवळा होतो. साध्या यंत्रावर हे जाणवत नाही. चांगल्या यंत्रावर कंप अनैसर्गिक जलद वाटतो, श्वास घाईचे वाटतात, आणि ऐकणारा म्हणतो ‘काहीतरी खोटं आहे’. वेगाची चूक किती फसवते बघा: एदुआर-लेओं स्कॉट द मार्तँव्हील या फ्रेंच माणसाने ९ एप्रिल १८६० रोजी काजळी धरलेल्या कागदावर गाण्याच्या लहरी उमटवल्या होत्या. त्या परत वाजवायची त्याची कल्पनाच नव्हती, फक्त बघायच्या होत्या. २००८ मध्ये संगणकाच्या मदतीने तो कागद ‘वाजला’ तेव्हा सगळ्यांना वाटलं मुलगी किंवा बाई गातेय. पुढे कळलं की सोबत उमटवलेल्या ट्यूनिंग फोर्कच्या (ठरावीक सूर देणाऱ्या चिमट्याच्या) लहरींचा अर्थ लावताना दुपटीची चूक झाली होती. वेग निम्मा केला आणि सावकाश गाणारा पुरुष निघाला, बहुधा स्कॉट स्वतःच.

वेग ठरवायला आम्ही कधीकधी त्या कचऱ्याचाच उपयोग करतो. जुन्या विद्युत मुद्रणात विजेची बारीक गुणगुण उतरलेली असते. देशाप्रमाणे ती ५० किंवा ६० हर्ट्झची असायला हवी. ५० च्या देशातल्या मुद्रणात ती ५२ वर सापडली, तर रेकॉर्ड ४ टक्के जलद चाललीय. तुमच्या नव्या स्पीकरवर ती गुणगुण ऐकू येत असेल तर चिडू नका, माझ्यासारख्याला ती सापडली की फार आनंद होतो.

टेपबद्दल माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका घरगुती कॅसेटचं काम आलं, बैठकीतलं गाणं होतं. आवाज मंद, बंद खोलीतला. मी ट्रेबल चढवत गेलो. हिस्स, म्हणजे टेपची सततची सरसर, वाढली, मग हिस्स कमी करायचं सॉफ्टवेअर लावलं, मग आवाज पाण्याखालचा झाला. दोन आठवडे हे चाललं होतं. शेवटी एका ज्येष्ठ तंत्रज्ञाने येऊन टेप वाचणाऱ्या हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि गाणं लख्ख समोर आलं. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते. म्हणजे १० हजार हर्ट्झची एक लहर टेपवर जेमतेम ५ मायक्रॉन (मिलिमीटरचे पाच हजारांश भाग) लांब, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी. हेडचा कोन जरासा तिरपा झाला की या लहरी पुसल्याच जातात. मूळ मुद्रण ज्या यंत्रावर झालं त्याचंही हेड तिरपं असू शकतं, म्हणून कोन दर टेपला नव्याने कानाने लावावा लागतो. ते मी केलं नव्हतं. तेव्हापासून आधी स्क्रू, मग बाकी सगळं.

चांगल्या हेडफोनवर टेपची आणखी एक गंमत ऐकू येते. गाणं सुरू होण्याच्या सेकंदभर आधी तेच गाणं अगदी पुसट ऐकू येतं, भुतासारखं. टेप गुंडाळून ठेवली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उतरतं, त्याचा हा परिणाम. हे उमटणं वेढ्याच्या बाहेरच्या बाजूला जास्त होतं, म्हणून जाणकार टेप उलटी, शेवट बाहेर ठेवून साठवतात. मग प्रतिध्वनी गाण्याच्या नंतर पडतो आणि गाण्यातच दडून जातो.

स्टिरिओच्या सुरुवातीच्या काळातल्या काही मुद्रणांत गायक एका कानात आणि वाद्यं दुसऱ्यात असतात. ती स्पीकरसाठी केलेली आहेत. खोलीत दोन्ही आवाज मिसळतात, हेडफोनमध्ये मिसळायला जागाच नसते. ती स्पीकरवरच ऐका, नाहीतर मोनो करा.

मग तुम्ही काय बदलायचं? आधी प्रत. एकाच गाण्याच्या तीन-चार वेगवेगळ्या प्रती मिळवा आणि ऐकताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. हे फार महत्त्वाचं. एक-दोन डेसिबेल मोठी असलेली प्रत कानाला ‘चांगली’ वाटते. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की आवाज लहान केला की कानाला बास आणि फार वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो, आणि नव्या ‘रीमास्टर’, म्हणजे पुन्हा सफाई करून काढलेल्या, प्रती बऱ्याचदा याच दुबळेपणावर विकल्या जातात. पातळी सारखी केली की उघडं पडतं: अनेक रीमास्टर प्रतींत हळू जागा मोठ्या केलेल्या असतात, त्यामुळे गायक कुजबुजतो तेव्हाही ओरडल्यासारखाच वाटतो. दुसरी खूण हिस्सची. दोन ओळींमधल्या शांततेत हिस्स एकदम नाहीशी होत असेल आणि आवाज सुरू झाला की परत येत असेल, किंवा बारीक किणकिण ऐकू येत असेल, तर सफाई हाताबाहेर गेलीय. मी तरी सलग, स्थिर हिस्स असलेली प्रत निवडेन. स्थिर हिस्स कान पाच मिनिटांत विसरतो.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ (डिजिटल नोंद किती बारीक केलीय ते सांगणारे आकडे) असं लिहिलेल्या प्रतीच्या मागे ७८ च्या रेकॉर्डसाठी धावू नका. आम्ही प्रत करताना त्या दराने करतो, कारण ओरखड्याचा झटका फार तीक्ष्ण असतो आणि वरच्या दरात तो गाण्यापासून वेगळा ओळखता येतो. तो काढून झाल्यावर ऐकायला साधी सीडीची पातळी पुष्कळ झाली.

खोलीचंही बघा. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झ आणि त्याच्या पटीत, म्हणजे ८६ वगैरे, बास फुगतो. तुम्हाला काही गाण्यांत ‘ढम’ वाटत असेल तर स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा, यंत्र बदलण्याआधी.

राहिला तो ‘खट्ट’. घड्याळ घेऊन बसा आणि दोन खट्टमधलं अंतर मोजा. दर पाऊण सेकंदाला, नेमकं म्हणजे ०.७७ सेकंदाला येत असेल, तर तुमची प्रत ७८ च्या रेकॉर्डवरून केलीय आणि तिच्यावर आडवा ओरखडा आहे, १.३३ सेकंद असेल तर ४५ ची रेकॉर्ड, १.८ असेल तर एलपी. फाइलवर काहीही लिहिलेलं असो, ‘मूळ टेपवरून’ वगैरे, हे अंतर खोटं बोलत नाही. असं निघालं तर दुसरी प्रत शोधा. पण अंतर अनियमित असेल, आणि दुसऱ्या प्रतीतही खट्ट त्याच जागी येत असेल, तर तो आवाज त्या दिवशी त्या खोलीतच झालेला असणार. ताल देणारा पाय असेल, कुणाचा तरी कोपर मायक्रोफोनच्या दांड्याला लागला असेल. तेवढ्या भागापुरता बास वाढवून बघा. धप्प असा खोल निघाला तर पाय आहे.